क्यू, झेड आणि व्हय म्हाराजा

११ जानेवारी, रविवार

चिपळूण. साडूंच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत. पुरणपोळी उत्तम. पुढचं सगळं वाईट.

जेवणानंतर स्वरूपरावांनी अक्षरांचा तो बोर्ड काढला. स्वरूपराव म्हणजे आमच्या दर्शनाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास चालवतात आणि घरी आल्यावरही तो बंद करत नाहीत. खेळ असा, की पिशवीत हात घालून अक्षरं उचलायची आणि बोर्डवर इंग्रजी शब्द लावायचे. माझ्या हाताला क्यू आणि झेड लागले. ते शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिले. हातात उरलेल्या अक्षरांचे मार्क कापतात म्हणे, आणि सगळ्यात जास्त मार्क नेमके या दोघांचेच. सरकारी खात्यात तीस वर्षं इंग्रजी ड्राफ्ट लिहिणारा माणूस, आणि त्याचा स्कोअर शून्याच्या खाली!

स्वरूपरावांची दिशा पाचवीत आहे. मला म्हणाली, इट्स ओके काका, यू ट्राइड. सगळे हसले. दर्शना सगळ्यात जास्त हसली.

निघताना स्वरूपराव म्हणाले, की शिमग्याला तुमच्या गावी पालखी बघायला येतो, बोर्डही आणतो, रिव्हेंज घ्या लवूभाऊ.

घेणारच.

संकल्प: ज्या इंग्रजी शब्दांत क्यू आणि झेड दोन्ही आहेत, ते सगळे, अर्थासकट, शिमग्याच्या आत पाठ करणे. साधे शब्द काय, कोणालाही येतात.

१२ जानेवारी

नेटवर असे शब्द मिळाले. फार नाहीत. म्हणजे काम आवाक्यातलं आहे.

स्क्वीझ: पिळणे. हा मला येत होता. त्यात क्यू आणि झेड आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

क्वार्ट्झ: गारगोटी. इतकी वर्षं घड्याळावर वाचत आलो, मला वाटायचं कंपनीचं नाव. आमच्या गावच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गारगोट्यांचा खच पडलाय. म्हणजे आमची अख्खी वाडी पिढ्यान्‌पिढ्या क्वार्ट्झवरून अनवाणी चालली आणि कोणाला पत्ता नाही. अज्ञान, दुसरं काय.

क्विझ: हा शेंबड्या पोरांना येतो. सोडला.

१४ जानेवारी, संक्रांत

विमलाताई गावाहून आबांना, आमच्या वडिलांना, घेऊन आली. ती माझी मोठी बहीण, आबांजवळ तीच असते. आबांचा आवाज दिवाळीपासून बसलेला. रिपोर्ट आले. घशात गाठ आहे. सतरा फेब्रुवारीला मुंबईला ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागणार. पुढे जेवता येईल, हिंडता-फिरता येईल, बोलता येणार नाही.

आबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, शिमग्याच्या आधी का मागनं? डॉक्टर म्हणाले, थांबण्यासारखं नाही. आबा म्हणाले, बरं.

प्रश्न गाऱ्हाण्याचा आहे. शिमग्यात देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, की गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवीला मोठ्याने सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला लोकांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. मग पालखी घरोघर जाते आणि प्रत्येक घराचं गाऱ्हाणं वेगळं. कोणाचा मुलगा बोटीवर आहे, कोणाच्या सुनेची ओटी रिकामी, कोणाच्या कलमांना मोहोर नाही. हे सगळं आबांच्या तोंडात आहे. कुठे लिहिलेलं नाही. त्यांच्याशिवाय गावात कोणाला येत नाही. आता ते मी घ्यायचं.

रिक्षात बसताना आबा म्हणाले, लवू, रविवार रविवार ये रं बाबा, घसा हाय तवर घेऊन टाक.

म्हटलं, येतो हो. काळजी कसली? मराठीच तर आहे.

१८ जानेवारी, रविवार

गावी. एसटीत एक मोठा शब्द केला. सलिलोक्वाइझ: स्वतःशीच बोलणे. शेजारचा माणूस उठून पुढच्या सीटवर गेला.

आबा पडवीत बसून राहिलेले, आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. आधी देवांची नावं. नवलाई, पावणाई, वाघजाई, मग शिवेवरचे, मग व्हाळापलीकडचा. एकाचं नाव मागेपुढे झालं तर तो देवही रुसतो आणि त्याची वाडीही, म्हणाले. पुढे मानकऱ्यांची घरं, तीही क्रमाने. मी लक्ष देऊन ऐकत होतो. फक्त शर्टाच्या खिशात पुढच्या शब्दाची चिठ्ठी होती आणि ती सारखी टोचत होती.

आबा म्हणाले, आता तू बोल. पहिलं वाक्य बोललो. दुसरंही बोललो. तिसऱ्याला वाघजाई आधी आली. आबांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा वाघजाईच आधी आली. आबांनी विमलाताईकडे पाणी मागितलं.

एकंदरीत समाधानकारक. पहिल्याच बैठकीत दोन वाक्यं.

२० जानेवारी

शब्द वापरल्याशिवाय मुरत नाहीत. क्विझिकल: चेहऱ्यावर प्रश्न असलेला, थोडा थट्टेचाही. साहेबांना म्हटलं, सर, टुडे यू आर लुकिंग क्विझिकल. साहेब म्हणाले, हो, बीपीची गोळी बदललीय.

पलीकडच्या टेबलावरचा अयूब गदागदा हसला. राजिवड्याचा, बंदरावरचा माणूस, बोलायला फटकळ. मला म्हणाला, मच्छी मार्केटात क्वार्ट्झ म्हटलं तर बांगडे स्वस्त मिळतील काय रे? असल्या लोकांमुळे ऑफिसचा दर्जा वर येत नाही. मग त्याने विचारलं, आबांचं गाऱ्हाणं कुठवर आलं? म्हटलं, सुरळीत चालू आहे.

२५ जानेवारी, रविवार

गावी जाणार होतो. पिशवी भरली होती. इतक्यात स्वरूपरावांचा फोन, आंजर्ल्याच्या गणपतीला चाललोय, गाडीत जागा आहे. म्हटलं, देवाचंच काम. आबांनाही हेच आवडलं असतं.

गाडीत माझी तयारी दाखवायची संधी मिळाली. केट्झल: मध्य अमेरिकेतला हिरवा पक्षी, शेपटी अंगापेक्षा लांब. दिशाने विचारलं, काका, तो खातो काय? हे नेटवर माझ्या पानावर नव्हतं. पोरांना नको तिथे चौकशा. दर्शना येता-जाता खिडकीबाहेर बघत होती. गाडी लागली असेल.

डोंगरावर गणपतीपुढे आबांच्या घशासाठी नारळ ठेवला. गावी जाऊन त्यांना बोलायला लावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

१ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो नाही. पूर्ण विचार करून गेलो नाही.

डॉक्टर म्हणालेत, आवाजाला आराम द्या. मी गेलो की आबा बोलणार. बोलले की घसा दुखणार. पोटच्या पोराला हे कसं बघवेल? जाणं सोपं होतं. न जाणं कठीण. पण त्यागाची किंमत आपल्याकडे कोणाला असते?

विमलाताईचा फोन. आबा सकाळपासून पडवीत बसलेत, दोन गाड्या येऊन गेल्या तरी उठत नाहीत. तिला डॉक्टरांचं सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरान त्यांना गप ऱ्हायला सांगितलान, तुला येऊ नको नाय सांगितलान. आणि फोन ठेवला. बहीण असली तरी बोलण्याला काही पद्धत असते. उलट फोन केला नाही. शब्दाने शब्द वाढतो.

बेझीक: दोघांनी खेळायचा पत्त्यांचा डाव. हा शब्द स्वरूपरावांना येत नसणार. माझी खात्रीच आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आबा आले. एकटे, एसटीने, न कळवता. दार उघडलं तर काठी टेकवून उभे. म्हणाले, तुला सवड नाय, मला हाय.

वेळ बरोबर आजचीच निवडली. आज अकरा वाजता मोबाईलवर शब्दांची ऑनलाइन मॅच होती, स्वरूपराव, त्यांची बायको शमिका, दिशा आणि मी. आबांना म्हटलं, जरा टेका, आलोच. मॅच लांबली. माझ्याकडून लांबली नाही, नेटवर्क गेलं. दर्शनाने आबांना मऊ भात दिला आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. आतून ऐकू येत होतं, आबा तिला सांगत होते की पूर्वी गाऱ्हाणं चुकलं तर म्हातारे जागच्या जागी काठी आपटायचे. हसत होते.

मी बाहेर आलो तेव्हा परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. दर्शना म्हणाली, निदान रेकॉर्ड तरी करा. आबांना हे आधी पटायचं नाही, यंत्रात घातलेलं गाऱ्हाणं देवीला पोचत नाय म्हणायचे. आज म्हणाले, घे बाबा, कशात तरी घे.

मोबाईल समोर धरला. आबांनी हात जोडले, डोळे मिटले, सुरुवात केली. वाघजाईपर्यंत आलं आणि स्क्रीनवर स्टोअरेज फुल्ल. माझे व्होकॅब्युलरीचे व्हिडिओ. ते असे घाईत डिलीट करता येत नाहीत, कुठला हवा कुठला नको बघावं लागतं. आबांचे डोळे मिटलेलेच, ते बोलत राहिले. त्यांना मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं. संपल्यावर विचारलं, आलं सगळं? म्हटलं, आलं.

बरंचसं आलंच होतं. सुरुवात महत्त्वाची असते.

स्टँडवर सोडायला गेलो. परत आलो तर दर्शना माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघून आत निघून गेली. मोबाईलची कपॅसिटी ही काही माझी चूक नाही.

९ फेब्रुवारी

विचार केला. गावातल्या सगळ्या पोरांकडे मोबाईल आहेत, दरवर्षी शिमग्याचं शूटिंग होतं. त्यात आबांचं गाऱ्हाणं असणारच. उगाच घाबरलो.

१० फेब्रुवारी

वाडीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. रीलच रील आले. पालखी नाचतेय, ढोल वाजतायत, गुलाल उडतोय, वरून डीजेचं गाणं चिकटवलेलं. आबा एका रीलमध्ये आहेत. तोंड हलतंय, आवाज गाण्याचा.

या पिढीला संस्कृतीचं काही पडलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र, रविवार

अखेर गेलो. म्हणजे जाणारच होतो.

घर माणसांनी भरलेलं. परवा ऑपरेशन म्हणून सगळी वाडी बघायला. प्रत्येकजण आपापल्या घराचं सांगत होता, आबा, यंदा आमच्या पोराचं नाव घ्या हां. आबा मान हलवून माझ्याकडे बोट दाखवत होते. लोक माझ्याकडे बघून हात जोडत होते. मी ही जबाबदारी शांतपणे स्वीकारली.

दुपारी माणसं पांगली. आबांनी मला जवळ बसवलं. आवाज जवळजवळ गेलेला, नुसती हवा येत होती. माझा कान त्यांच्या तोंडाशी धरला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. देव, शिवेवरचे, मानकरी, मग घरं एकेक करून. मला कळत नव्हतं. एवढ्या जवळून नुसता श्वास ऐकू येतो. दोनदा म्हणणार होतो की आबा, परत सांगा. पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी मान हलवत राहिलो. प्रत्येक घराला हो म्हटलं, हो म्हटलं.

शेवटी आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. असे हसलेले बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. विमलाताईला खुणेने चहा ठेवायला सांगितला.

आजारी माणसाचं समाधान महत्त्वाचं. उरलेलं बघता येतं.

१७ फेब्रुवारी, मुंबई

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, व्यवस्थित.

आत नेताना आबांनी स्ट्रेचरवरून माझा हात ओढला आणि वाकायला लावलं. म्हणाले, तुला दिलंय, आता मी मोकळा. मी तेव्हा सांगू शकलो असतो. पण भूल देण्याआधी पेशंटचं मन शांत असावं लागतं, असं कुठेतरी वाचलंय.

बाकावर बसून वेळ जाईना म्हणून एक शब्द केला. व्हेंट्रिलोक्वाइझ: आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून आल्यासारखा काढणे. अर्थ वाचून मोबाईल बंद केला. आज मूड नव्हता.

१ मार्च, रविवार

आबा गावी आले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल. पाटी-पेन्सिल दिली, ती घेत नाहीत, सहीपलीकडे लिहिणं त्यांना येत नाही. तोंडाने शब्द बोलतात, आवाज नसतो. विमलाताईला काही काही कळतं. मला कळत नाही. मला बघितलं की आबा छातीवर हात ठेवून मान डोलावतात. म्हणजे, सगळं तुझ्याजवळ आहे, मला काळजी नाही.

यूट्यूबवर इतर गावांची गाऱ्हाणी आहेत. मंडणगडकडचं एक फार जोरदार आहे. त्यांचे देव काढायचे, आपले घालायचे, एवढंच काम. हे आधीच सुचायला हवं होतं. विमलाताई म्हणाली, म्हणजे लोकांच्या दारातली रांगोळी खरवडून आपल्या दारात घालणार काय? तिला एडिटिंग म्हणजे काय ते माहीत नाही.

आपले देव कोणते, तो क्रम मात्र नीट आठवायला हवा. उद्या बसतो.

३ मार्च

बसायला वेळ झाला नाही. होळीचा माड आणायला सगळ्यांबरोबर जावं लागलं. मानाचं घर म्हटलं की या गोष्टी येतातच. आता परवापर्यंत नुसतं गाऱ्हाणं. शब्द बंद.

एकच पाहिला. क्विन्झी: बर्फाचा ढीग पोखरून केलेलं घर.

५ मार्च, सकाळी

स्वरूपराव सहकुटुंब आले. पडवीत बोर्ड मांडला. इतक्या आठवड्यांची मेहनत होती माझी. पिशवीतून काय निघावं? ए, आय, ओ, ए, यू, आय, ई. सगळे स्वर! बदलून घेतले तर परत स्वर. झेड दिशाकडे गेला, क्यूही तिच्याकडेच गेला. तिने लावला क्विझ. पहिली आली.

हा खेळ बुद्धीचा नाहीच. नशिबाचा आहे.

आबा खुर्चीत बसून बघत होते. पोरीच्या टाळ्या बघून तेही टाळ्या वाजवत होते.

५ मार्च, संध्याकाळी

सहाणेवर पालखी बसली. सगळा गाव, मुंबईचे चाकरमानी, स्वरूपराव मोबाईल धरून. आबांना खुर्चीत उचलून आणलं आणि माझ्याशेजारी ठेवलं. देवळातल्या काशी गुरवाने नारळ माझ्या हातात दिला. ढोल थांबले.

मी सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी वर्साचा सण मांडलाय तो गोड करून घे. व्हय म्हाराजा! काय आवाज होता तो. अंगावर काटा आला. दुसरं वाक्य. व्हय म्हाराजा! तिसऱ्याला डोक्यात काहीच नाही. मंडणगडचं नाही, आपलं नाही. लोक थांबलेले. काशी गुरव हळूच म्हणाला, नवलाई. नवलाई म्हटलं. पुढे परत काही नाही.

मग जे पाठ होतं ते आलं. बा नवलाई, आमच्या व्हाळात क्वार्ट्झ हाय. व्हय म्हाराजा! आमचा चेहरा क्विझिकल असेल तर तो दूर कर. व्हय म्हाराजा! केट्झल पक्ष्यासारखी लेकरांची भरभराट कर. व्हय म्हाराजा! बेझीक, क्विन्झी, जो कोण सलिलोक्वाइझ करत असेल त्याला सुबुद्धी दे. कोणीही अडवलं नाही. एकही शंका नाही. शेवटपर्यंत व्हय म्हाराजा. नारळ एका फटक्यात फुटला.

म्हणजे गावाने मान्य केलं! उलट मला वाटतं, गाऱ्हाण्यात ताजेपणा आला.

आबांनी मात्र व्हय म्हटलं नाही. साहजिक आहे, त्यांना आवाज नाही.

परत आल्यावर स्वरूपरावांनी व्हिडिओ ग्रुपवर टाकला नाही. एरवी बारशाचासुद्धा टाकतात. मला म्हणाले, लवूभाऊ, तुम्ही आता जरा पडा.

६ मार्च

पालखी घरोघर. पहिलं घर लीलाकाकीचं. तिचा समर्थ जहाजावर आहे, त्याचा महिनाभर फोन नाही. ती ओटीचं ताट घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी. समर्थचं नाव घ्यायचं एवढंच काम होतं. नाव माहीत आहे हो मला! पण आबा समुद्राला काय म्हणायचे, कुठल्या देवाला राखण सांगायचे, ते आठवेना. म्हटलं, बा म्हाराजा, समर्थला सुखरूप ठेव. एवढंच आलं. काकी वाट बघत राहिली. मग म्हणाली, आटापलं? दोन-तीन जणांनी व्हय म्हाराजा म्हटलं, तेही आवंढा गिळल्यासारखं.

दुसऱ्या घरी एकाने म्हटलं. तिसऱ्या घरी कोणीच म्हटलं नाही. घरधन्याने स्वतःच नारळ फोडून घेतला.

पालखी पुढे गेल्यावर काशी गुरव मागे थांबला. म्हणाला, लवूदादा, आबांनी सांगितलानी तुला दिलंय. खरं काय ते बोल. म्हटलं, दिलंय, पण थोडं रिव्हिजन बाकी आहे. मग म्हणाला, रिव्हिजन कोणाकडनं घेशील?

त्या माणसाला माझ्या घरात येऊन असं विचारायचा अधिकार नाही. खरं तर आम्ही रस्त्यात होतो. पण नाही.

संध्याकाळी गावकी बसली. मला बोलावलं नाही.

७ मार्च

गावकीने ठरवलं, आबांनीच घालायचं. मी म्हटलं, अहो, ते बोलणार कसे? चार पोरं आबांची खुर्ची आणायला आत गेली.

आबांना खुर्चीतून घरोघर नेलं. लीलाकाकीच्या अंगणात पालखी परत नेली. आबांनी खुर्चीवरून उठून हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ओठ हलत होते. आवाज नाही, गळ्याच्या रुमालातून नुसती हवा. ढोलवाले, चाकरमानी, पोरंसोरं, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. आबा थांबले. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. पुन्हा ओठ हलले, पुन्हा थांबले. व्हय म्हाराजा. कुठे थांबतात ते सगळ्यांना ठाऊक. लीलाकाकी पदर तोंडाला लावून रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा.

मी आबांच्या अगदी जवळ उभा होतो. धरायला. एक शब्द कळला नाही.

शेवटी आमचं घर. विमलाताईने ओटी भरली. आबांनी विमलाताईचं घातलं, मग दर्शनाचं. मग माझ्याकडे वळले. त्यांना खरं कळलंय. महाशिवरात्रीला मी नुसतीच मान हलवत होतो, तेही कळलंय. पाच तारखेला सहाणेवरच कळलं असणार. मला वाटलं, आता काठी आपटणार. आपटावी, असंही वाटलं.

त्यांनी हात जोडले. डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे बघतच बोलत राहिले. बराच वेळ बोलले, लीलाकाकीच्या पोरासाठी बोलले त्यापेक्षाही जास्त. मध्ये एकदा माझ्या छातीवर हात ठेवला. देवीकडे माझ्यासाठी काहीतरी मागत होते. मी त्यांच्या ओठांवर डोळे लावून उभा होतो, पण बुद्धी मागत होते, की माफी, की आणखी काही, मला कळेना. दर्शनाकडे बघितलं. तिलाही कळलं नव्हतं, नुसती रडत होती.

आबा थांबले. सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा.

मीही म्हटलं. कशाला म्हटलं, ते आता मला कोण सांगणार?